बोस्त्यांवाची पाचर

"आणखी खाली? आपोलिना, आणखी खाली गेली तर तार पट्टीर निजतली. निजलेली तार वाजना नाय, घोरता."

"घोरू दे. तू उतरव."

"मेल्या, गिटार आसा ही. तार हलाक जागा होयी तिका."

"कुस्तोद, माझी बोटा बघ आणि मगे जागेच्यो गजाली सांग माका."

आपोलिनानं डावा हात पुढं धरला. सहा फुटी माणूस, आवाज असा की दोन वाड्यांपलीकडची कुत्री उठून बसावीत; पण हात पुढं केला तो भीक मागितल्यासारखा. गेल्या साली त्याला झटका येऊन गेला होता. पाय सुधारला, जीभ सुधारली, हात मात्र अर्ध्यावर येऊन थांबला. बोटं वाकत होती, हव्या त्या जागी जातही होती, पण त्यांत जोर नव्हता. बास गिटारच्या तारा म्हणजे सुंभ. त्या दांडीवरच्या पितळी पट्ट्यांपर्यंत दाबायच्या तर बोटात रग लागते.

बँडचा मालक मिंगेल. सायबिणीचं, म्हणजे मेरी मातेचं, फेस्त ही आमच्या चर्चची जत्रा, आणि ती जवळ आली होती. त्यानं आपोलिनाला तोंडावर सांगितलं होतं, "सायबिणीच्या फेस्ताक वाजवशीत तर तुझी खुर्ची तुझी. नायतर कीबोर्डवालो चेडो डाव्या हातान बास काढता. तेका वेगळी खुर्ची पण लागना नाय."

तरणा असल्यापासून आपोलिन त्या बँडात ड्रमच्या डाव्या अंगाला बसत आलेला. बायको गेली तेव्हा मातीचे दिवस सरले तसा तो पुन्हा त्या खुर्चीवर जाऊन बसला, आणि त्यानंतरच पोटभर जेवायला लागला. खुर्ची गेली की त्याला घरात भिंतींकडे बघत बसण्यापलीकडे काही उरत नव्हतं. म्हणून तारा खाली पाहिजेत. नुसतं बोट टेकवलं की सूर निघावा इतक्या खाली.

माझं शिलाईचं दुकान कुस्तोदाच्या कारखान्याला लागून, मधे फळ्यांची भिंत. मी मूळचा कुडाळकडचा. इकडं आलो तो इथलाच झालो. लग्नाचे झगे शिवतो, आणि कुस्तोद मढ्याची पेटी करतो तेव्हा आतलं अस्तरही मीच शिवतो. तेव्हा त्याच्याकडे काय चाललंय ते मला दिसतं, आणि दिसलं नाही तर ऐकू येतं. ही माणसं कोंकणी बोलतात. माझ्या कानात ती मालवणी होऊनच शिरते, तशीच लिहितो.

कुस्तोद सुतार. म्हणून सगळे त्याला मेस्त म्हणतात. बुटका, रुंद, भुवयांत कायम भुसा. तरुणपणी जहाजावर सुतारकीला होता. तिथल्या बँडवाल्यांच्या गिटारी मोडायच्या, त्या नीट करता करता हात बसला. बाप मेला आणि गावात पेटी करणारा कोणी उरला नाही, तेव्हा हा जहाज सोडून आला. तेव्हापासून कारखान्यात एका मेजावर मेलेल्यांचं काम आणि दुसऱ्यावर वाजवणाऱ्यांचं. मधून चालायला जागा असते, पण अंग चोरून.

बापानं त्याला एक नेम घालून दिला होता. मढ्याच्या पेटीचं लाकूड उरलं तर ते पेटीतच जायचं. कापलेला तुकडा, रंध्याचे छिलके, भुसासुद्धा. सगळं झाडून गोळा करून उशीखाली घालायचं. चुलीत नाही, खिडकीला नाही, कोंबड्यांच्या खुराड्याला नाही. बाप म्हणायचा, माणसाला त्याचं सगळं लाकूड द्यावं, नाहीतर तो उरलेल्यासाठी परत येतो. कुस्तोद देवाला फार धरून नव्हता. रविवारी चर्चच्या मासात, भर प्रार्थनेत, झोपायचा. पण हा नेम त्यानं कधी मोडला नव्हता.

त्या दिवशी मेजावर बोस्त्यांवाची पेटी होती.

बोस्त्यांव म्हणजे आमच्या चर्चचा घंटा ओढणारा. काटकुळा, पुढं वाकलेला, सतत घाईत. वाड्यावर कोणी गेलं की घरच्यांचं रडणं सुरू व्हायच्या आधी बोस्त्यांव मनोऱ्याच्या पायऱ्या चढायला लागलेला असायचा. त्याला कसं कळायचं कुणास ठाऊक. आता तोच गेला होता, आणि त्याची घंटा ओढायला माणूस नव्हता म्हणून विगार पाद्रीनं आपल्या आचाऱ्याला वर पाठवलं. त्यानं ती अशी ओढली की लोकांना वाटलं लग्न आहे.

माती चार वाजता. कुस्तोद सकाळपासून आंब्याच्या फळ्यांना रंधा मारत होता आणि आपोलिन त्याच्या डोक्यावर बसला होता. दुसऱ्या मेजावर बास उघडी पडलेली, दांडी एकीकडे, धड एकीकडे. तारा ज्या घोडीवर टेकतात ती घोडी कुस्तोदानं जाईल तितकी खाली नेली होती. ती तळाला टेकली. दांडीच्या पोटातली सळई पिळून झाली, पट्ट्या घासून झाल्या. तरी आपोलिनाचं बोट पोचेना.

"आता एकच उपाय," कुस्तोद म्हणाला. "दांडीच्या बुडाक पाचर. बूड जरा उचाललां की दांडी मागे झुकता, आणि तारा आपसूक खाली येतत."

"मगे घाल ना पाचर! सकाळपासून माझ्याकडसून प्रार्थना करून घेतंस काय?"

त्यानं पत्र्याचा तुकडा घातला. तारा करकरल्या. पुठ्ठा घातला. मधल्या पट्टीवर सूर मेला. घासकागद दुमडून घातला, तो जाड झाला. इतक्यात बोस्त्यांवाचा पुतण्या दारात येऊन विचारून गेला, पेटी झाली का. कुस्तोदानं शिवी हासडली, खाली वाकला, जमिनीवरून एक पातळ चिपाट उचललं, नखानं दाबून पाहिलं आणि दांडीच्या बुडाशी सरकवलं. स्क्रू आवळले, तारा चढवल्या.

आपोलिनानं बोट टेकवलं. दाबलं नाही, नुसतं टेकवलं.

सूर निघाला. जाड, गोल, स्वच्छ. तारा इतक्या खाली होत्या की मुंगीला वाकून जावं लागलं असतं, आणि करकर म्हणून कुठं नाही. कुस्तोद स्वतः चार वेळा वाजवून बघत राहिला. असं होत नसतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण आपोलिनाच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं आणि दारात पुतण्या पुन्हा उभा होता.

"आजची रात हंयच ऱ्हवान दी," कुस्तोद म्हणाला. "तारा बसाक होयत. जा आता, माका खिळे मारूचे आसत."

छिलके झाडून पेटीत गेले. मी वरून अस्तर ठोकलं. बोस्त्यांवाला चार वाजता पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वाडा जेवून आडवा झालेला. आमच्याकडे त्या वेळी कावळासुद्धा बोलत नाही. मी मशीनवर डोकं टेकून डुलक्या काढत होतो. फळ्यांपलीकडून आवाज यायला लागला. रिकाम्या घागरीत भुंगा अडकावा तसा, पण खालचा. दातांत जाणवणारा. माझ्या मशीनची सुई थरथरत होती. मी उठून पलीकडे गेलो. कुस्तोद मेजाखाली चटईवर झोपलेला. बास खुंटीवर. तिची सगळ्यात जाड तार अशी हलत होती की दोन तारा दिसत होत्या.

मी हात लावणार, तेवढ्यात ती थांबली. आणि मग चर्चची घंटा सुरू झाली. मरणाची.

"खालच्या वाड्यावरची म्हातारी," कुस्तोद डोळे न उघडता म्हणाला. "बरेच दिवस अडाकली होती."

"मेस्ता, तार वाजत होती."

"घाटीच्या आवाजान तार हलता. इतकी खाली आसा, तर हलतलीच."

"पण ती आधी वाजली. घंटा नंतर."

"तुझे कान शिलाईचे. जा, नीज."

संध्याकाळी आपोलिन बास घेऊन गेला. त्या दिवसापासून त्याच्या घरच्या सोप्यावरून रोज वाजवणं ऐकू यायचं. झटक्याच्या आधी वाजवायचा त्याहून बरं. मिंगेल एकदा येऊन उभ्याउभ्या ऐकून गेला आणि काही बोलला नाही, म्हणजे खूश झाला. आपोलिन आता रस्त्यातून जाताना लोकांना हाका मारायला लागला. माझ्या दुकानात येऊन फेस्तासाठी नव्या पँटचं माप देऊन गेला, आणि पोट आत ओढून धरलं होतं ते बाहेर पडेपर्यंत सोडलं नाही.

मग एका सकाळी तो आला तो बसला नाही. दारातच उभा राहिला.

"मेस्ता, काल दुपारी वाजली. मी जेवत होतंय. गिटार खाटेर."

"मांजार गेला आसतला वरसून."

"माझ्या घरात मांजार नाय. आणि मगे घाट झाली. कायतानाची बायल गेली."

"कायतानाची बायल मरूचीच होती."

"मरूची होती, तां माका ठाऊक आसा," आपोलिन हळू म्हणाला. "पण गिटारीक कोणी सांगला?"

असं पुन्हा झालं. आणि पुन्हा. गावात गोष्ट दडून राहते थोडीच! आधी पोरीबाळी आपोलिनाच्या दारावरून जाताना रस्त्याची बाजू बदलायला लागल्या. मग उलटं झालं, लोक विचारायला यायला लागले. कोणाचा बाप हॉस्पिटलात, कोणाची मावशी अंथरुणावर. "आपोलिनबाब, वाजली काय हो?" "नाय गो बाय." "देव बरें करूं." आणि बाई हसत घरी. भाटकाराचा, म्हणजे इथल्या जमीनमालकाचा, भाचा लंडनहून आला होता, मामाच्या घरावर डोळा ठेवून. त्यानं तर सांगितलं, "आपोलिनबाब, ही गिटार चार दीस मामाच्या खोलयेत ठेवया काय? मामाक संगीताची आवड आसा."

आपोलिन हसला नाही. तो आता गिटार वाजवून झाली की तिच्यावर चादर घालायचा. वाड्यावर कोणी मेलं की लोक मढ्याकडे बघायच्या आधी त्याच्याकडे बघायचे.

कुस्तोदाची बायको रेमेद तोंडाची फटकळ. एका सकाळी आम्ही दोघं त्यांच्या पडवीत पेज जेवत होतो, सोबत भाजलेला खारा बांगडा. रेमेद वाढता वाढता म्हणाली, "बोस्त्यांव जिवंत होतो तेव्हा पण अशीच घाई. कोण मेलो की पयलो तोच धावायचो. आता मेलो तरी सवय सुटना नाय मेल्याची."

ती हसली. मीही हसलो. कुस्तोदानं पेजेची वाटी खाली ठेवली.

तो उठला आणि कारखान्यात गेला. मी मागोमाग. त्यानं कोपऱ्यातली खिडकीची चौकट पालथी केली, जी तो बोस्त्यांवाच्या पेटीच्या दिवसांत करत होता. काळपट सागाची. 

"त्या दिवशी जमनीर दोनच लाकडा होती," तो म्हणाला. "ह्यो साग, आणि आंबो."

"मग?"

"मी उचललेला चिपाट धवा होता. आंब्याचा."

आपोलिनाला बोलावलं. त्यानं बास आणली, पोराला दवाखान्यात आणावं तशी. कुस्तोदानं तारा सैल केल्या, दांडी सोडवली. बुडाशी ती पाचर होती. आंब्याची, पांढरी. इतके दिवस धातूच्या स्क्रूंखाली दाबली गेलेली, वाळून कडक व्हायला हवी होती. ती ओली होती. आत्ता फळीतून निघाल्यासारखी. मी नाकाजवळ नेली तर तिला मेणबत्तीचा वास येत होता.

"बोस्त्यांवाची," कुस्तोद म्हणाला. 

मग त्यानं दुसरी पाचर केली. सागाची, अगदी तेवढीच पातळ. तारा करकरल्या. फणसाची केली. सूर मेले. आंब्याचीच केली, दुसऱ्या झाडाच्या आंब्याची, घासून घासून त्या चिपाटाशी नखानं जुळवून. जुळली, तरी करकर गेली नाही. तारा वर घेतल्या की सूर यायचा, पण आपोलिनाचं बोट पोचायचं नाही. खाली घेतल्या की बोट पोचायचं, सूर यायचा नाही. दिवस कलला तरी कुस्तोद घासत होता आणि आपोलिन स्टुलावर बसून बघत होता.

शेवटी आपोलिन म्हणाला, "तीच घाल."

"नाय."

"मेस्ता, ती कोणाक मारणा नाय. मरतत ते आपापले मरतत. ती फकत सांगता. घाट पण सांगता. घाट फोडतंस काय तू?"

"तेचा लाकूड तेका दिऊक होया."

"दी. फेस्त झाला की दी. मी स्वता खड्डो मारतंय. पण फेस्ताक माका बसू दे रे. एकदा त्या खुर्चेर बसलंय आणि लोकांनी बघला, की मगे मिंगेलाच्या बापाशीक पण माका उठवूक जमाचा नाय."

कुस्तोदानं ती पाचर पुन्हा घातली. स्क्रू आवळताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. 

फेस्ताचा दिवस आला. सकाळी मास, मिरवणूक. चर्चच्या मैदानात माटव, म्हणजे मांडव, घातलेला, कडेला कपाटाएवढे स्पीकर. बँडनं येऊन सामान लावलं, सूर जुळवले. आपोलिन नव्या पँटमध्ये खुर्चीवर बसला आणि त्यानं दोन गाणी वाजवून दाखवली. मिंगेलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नाच संध्याकाळी, म्हणून सगळे जेवायला पांगले. घराघरांतून डुकराच्या सोरपोतेलचा वास येत होता.

मी मिंगेलाच्या कोटाची बाही आत घेऊन परत द्यायला माटवात आलो होतो. स्टेजची एक फळी वाजत होती, ती कुस्तोद ठोकत होता. स्पीकरवाला स्टेजच्या सावलीत आडवा झालेला. बास खुर्चीला टेकवून ठेवलेली. भर दुपारचं ऊन, पताकासुद्धा हलत नव्हत्या.

आधी ते तळपायांना कळलं. मग प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींवर खडखडायला लागल्या. मग स्पीकरांतून तो आवाज निघाला. घागरीतला भुंगा आता मैदानाएवढा झाला होता. माटवाच्या छतातून, शेतांवरून, वाड्यावाड्यांतून तो एकच जाड सूर गेला आणि थांबला नाही.

लोक घरांतून बाहेर आले. उष्ट्या हातांनी, बोटांना भात तसाच. कोणी ओरडलं नाही. सगळे चर्चच्या मनोऱ्याकडे बघत उभे राहिले. आता घंटा होणार.

घंटा झाली नाही.

सूर चालूच. मग एकाला काय वाटलं, तो वळून घरात धावला, म्हाताऱ्याला बघायला. त्याच्यामागून दुसरा. मग सगळेच. एका म्हातारीला तिच्या तीन पोरांनी एकदम गदागदा हलवून उठवलं. तिनं तिघांनाही आयमाय काढून शिव्या घातल्या आणि तिघंही तिच्या पायाशी बसून रडले. बायकांनी पाळण्यातली पोरं उचलून छातीशी धरली. ज्याच्या घरात कोणी आजारी नव्हतं, तो स्वतःच्या छातीवर हात ठेवून उभा होता.

"फीडबॅक रे, फीडबॅक," स्पीकरवाला डोळे चोळत म्हणाला. "मशीन बंद करतंय." तो स्टेजच्या मागं गेला आणि लगेच परत आला. त्याचा चेहरा उतरलेला.

"जनरेटर बंद आसा," तो म्हणाला. "जेवाक जाताना मीच बंद केलेलंय. स्पीकरांक करंट नाय."

कुस्तोद हातोडा टाकून बासजवळ गेला. त्यानं पूर्ण पंजा तारांवर दाबला. आवाज बसला नाही.

"हाताखाली चालूच आसा," तो मला म्हणाला. "पोटात पोर हलता तशी."

एवढ्यात आपोलिन आला. खांद्यावर रुमाल, ओठाला मसाला. लोकांनी त्याला वाट दिली, फारच मोठी वाट दिली. मागून एक बाई ओरडली, "बंद कर तां भूत! माझो घोव खाटेर आसा!" दुसरी म्हणाली, "तुझ्या खुर्चेसाठी कोणाचो जीव घेतंस रे?"

"मी घेणंय नाय," आपोलिन म्हणाला. पण ते तिला ऐकू गेलं नसावं. माझ्यापर्यंतच कसंबसं पोचलं.

कुस्तोद तारांवर हात तसाच ठेवून म्हणाला, "आपोलिना, गिटार तुझी. सांग. काढू, काय ठेवू?"

आपोलिनानं आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. मग मैदानाकडे. सगळा वाडा तिथं उभा होता, ज्यांच्या बापांच्या लग्नात तो वाजवत होता. तो खुर्चीवर बसला. जरा वेळ बसला. मग तोंड दुसरीकडे फिरवून म्हणाला, "काढ."

कुस्तोदानं खुंट्या फिरवल्या. चारही तारा सैल होऊन लोंबल्या. तरी सूर चालू. त्यानं पेचकस काढला. एक स्क्रू, दुसरा. सूर चालू. शेवटचा स्क्रू निघाला, दांडी धडापासून सुटली आणि ते पांढरं चिपाट त्याच्या तळहातावर पडलं.

इतकी शांतता झाली की कोणाच्या तरी घरात दूध उतू गेलेलं ऐकू आलं.

त्या दिवशी वाड्यावर कोणी मेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

संध्याकाळी नाच झाला. कीबोर्डवाल्या पोरानं डाव्या हातानं बास काढली. बरी काढली. ती खुर्ची मिंगेलानं उचलून मागं ठेवली, जागा अडत होती म्हणून. आपोलिन घरी होता. त्याच्या घरात दिवा नव्हता.

त्यानंतर कुस्तोदाला पळता भुई थोडी झाली. प्रत्येक घराला वाटत होतं की तो सूर आपल्याच माणसासाठी होता आणि मेस्तानं तो परतवला. कोणी गरम पोय, म्हणजे कोंड्याचा पाव, आणून दिली, कोणी काजूच्या दारूची बाटली, कोणी पाय बांधलेली कोंबडी दारात सोडून गेलं. ज्या म्हातारीनं तिघा पोरांना शिव्या घातल्या होत्या, ती स्वतः काठी टेकत आली आणि कुस्तोदाच्या हाताचा मुका घेऊन गेली. "माका कित्याक देतत?" कुस्तोद वैतागून म्हणायचा. "मी काय सायबीण?" आपोलिनाच्या दारात मात्र एक पावसुद्धा कोणी ठेवला नाही.

पाचर कुस्तोदानं दुसऱ्याच दिवशी नेऊन दिली. मी बरोबर होतो. बोस्त्यांवाच्या मातीत त्यानं बोटानं भोक पाडलं, चिपाट आत सरकवलं, वरून माती दाबली. "घे," म्हणाला. "आता निवांत नीज." प्रार्थना वगैरे काही केली नाही.

पुढच्या आठवड्यात आपोलिन कारखान्यात आला. दाढी वाढलेली. बास कापडात गुंडाळून आणली होती, दांडी एकीकडे, धड एकीकडे. मेजावर ठेवली.

"ही तुका ऱ्हवान दी. कोणाक होयी तर दी."

"आणि तू?"

"मी काय. कोण मरूचो होतो तो वाचलो, आणि माझो हात मेलो. हिशोब बरोबर आसा." तो हसला. ऐकवत नव्हतं ते हसणं. "मेस्ता, खरा सांग. तो मीच नाय मां? ज्याच्यासाठी वाजली?"

"तू वाचलंस तर मगे असां मेल्यासारखां तोंड कित्याक करतंस?" कुस्तोद म्हणाला. "बस हंय."

आपोलिन बसला. कुस्तोदानं बासची दांडी उचलून डोळ्यासमोर धरली, लांबी बघितली.

"आमी तार उतरवीत बसलो, तीच चूक," तो म्हणाला. "दांडी लांब, म्हणून ताण. ताण, म्हणून जोर. जहाजार एक फिलिपिनो होतो, माझ्याहून बुटको. तेची बास आखूड होती, हातभर दांडी. तार नरम, लोण्यासारखी. तेची ल्हान पोर वाजवायची ती."

"आखूड बास खंय गावता?"

"गावना नाय. करूक होयी."

"तू करशीत?"

"पेट्यो करतंय, तर बास करूक जमाचा नाय काय? सूर चांगलो येयत काय नाय, तां देवाक ठाऊक. नाय इलो तर चुलीत घालू."

 दाढी खाजवता खाजवता आपोलिनानं डाव्या हाताची बोटं उघडून मिटून पाहिली, ते मी बघितलं.

कुस्तोद माळ्यावर चढला. वरून धूळ पडली, कोळिष्टकं पडली. खाली उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर एक जुनं फळकूट होतं. काळपट, दणकट, कडेला बिजागरीची खाच आणि खिळ्यांची भोकं. त्यानं ते मेजावर आडवं टाकलं आणि फुंकर मारली.

आपोलिन वाकून बघायला लागला. "ह्या खंयचा?"

"जुन्या दाराचा. पेटीचा नाय."

"खंयच्या दाराचा?"

कुस्तोदानं कानावरची पेन्सिल काढली आणि फळीवर एक सरळ रेघ ओढली. मग दुसरी.

"सुका आसा," तो म्हणाला. "आणि सरळ आसा. तिकडचा टोक धर."

आपोलिनानं उजव्या हातानं टोक धरलं, आणि कुस्तोद रंधा मारायला लागला.